लांब पल्ल्याची ट्रकवाहतूक आणि घरची शिल्लक

मालवाहतुकीच्या व्यवसायात चालकांचे दोन वर्ग आढळतात. पहिला वर्ग स्थानिक चालकांचा. सकाळी गाडी काढावी, तालुक्यात किंवा शेजारच्या तालुक्यात दोन-चार खेपा कराव्या आणि रात्री घरी जेवावे, असा त्यांचा दिनक्रम असतो. दुसरा वर्ग लांब पल्ल्याच्या चालकांचा. त्यांची एक फेरी आठवड्याची किंवा पंधरवड्याची असते आणि त्यांचे घर म्हणजे बव्हंशी गाडीची केबिन होय. पहिल्या वर्गातील अनेक चालकांच्या मनात केव्हा ना केव्हा एक विचार येतो : काही वर्षे लांबच्या गाडीवर काढावी, चार पैसे गाठीस बांधावे आणि मग गावी परतावे. मुलीचे शिक्षण, घराची दुरुस्ती, डोक्यावरचे कर्ज किंवा स्वतःची गाडी ही त्यामागची कारणे असतात व ती रास्तच आहेत. परंतु लांबच्या गाडीवर गेलेला प्रत्येक चालक शिल्लक घेऊन परततो असे नाही. असे का होते आणि ते टाळण्यासाठी निघण्यापूर्वी कोणता हिशेब मांडला पाहिजे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गोव्यातील पार्श्वभूमी

गोव्यात हा प्रश्न विशेष जिव्हाळ्याचा आहे. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे, धारबांदोडा या तालुक्यांतील असंख्य कुटुंबांचा चरितार्थ दीर्घकाळ खनिज वाहतुकीवर चालला. खाणीवरून नदीकाठच्या धक्क्यापर्यंत टिपरने खनिज न्यावयाचे आणि तेथून ते बार्जने मुरगाव बंदराकडे जावयाचे, अशी ही साखळी होती. चालकाचा सारा व्यवहार काही कोसांच्या परिघातच होता. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य शासनाने खाणकाम स्थगित केले आणि पुढील महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली. २१ एप्रिल २०१४ रोजी वार्षिक २ कोटी टनांची मर्यादा घालून ही बंदी उठविण्यात आली. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले व मार्च २०१८ च्या मध्यापासून काम पुन्हा थांबले. लिलावाची नवी पद्धत डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली आणि २०२४ मध्ये डिचोली येथील पट्ट्यातून उत्खननास पुन्हा प्रारंभ झाला.

या घडामोडींनी दोन गोष्टी शिकविल्या. एकाच मालावर आणि एकाच रस्त्यावर अवलंबून असलेली कमाई एका दिवसात थांबू शकते, ही पहिली. टिपर ही गाडी खनिज ओतण्यासाठी सोयीची असली तरी दूरच्या व्यापारी मालासाठी तिचा फारसा उपयोग होत नाही, ही दुसरी. त्यामुळे गाडी दारात उभी राहिली तरी चालकाच्या हातचे कसब आणि त्याचा परवाना हेच खरे भांडवल ठरले. परवाना देशभर चालतो. ज्यांना हे उमगले त्यांतील काहींनी अनमोड किंवा चोर्ला घाट ओलांडून बेळगाव, हुबळी, पुणे, मुंबई आणि त्याहूनही पुढचा रस्ता धरला.

वाढलेले उत्पन्न म्हणजे वाढलेली बचत नव्हे

लांबच्या गाडीवर पगाराखेरीज रोजचा भत्ता मिळतो. त्यामुळे महिन्याची एकूण रक्कम मोठी दिसते. येथेच पहिली फसगत होते. स्थानिक चालकाला ज्या गोष्टी फुकट मिळतात त्या त्याच्या हिशेबात कधी आलेल्याच नसतात. घरचे जेवण, घरचे पाणी, रात्रीचे अंथरूण, सुटीच्या दिवशी काजूच्या बागेत केलेले काम, मुलांना शाळेत पोहोचविणे यांचे मोल रस्त्यावर गेल्यावरच कळते.

एक उदाहरण घेऊ. पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत समजावी म्हणून कल्पिले आहेत. प्रत्येकाने त्यांच्या जागी आपले आकडे घालावे.

एका स्थानिक चालकाची मासिक कमाई १८,००० रुपये आहे. त्याच्या जेवणासह घरखर्च १४,५०० रुपये होतो. चहापाणी व किरकोळ खर्च १,५०० रुपये. शिल्लक २,००० रुपये राहते.

हाच चालक लांबच्या गाडीवर गेला. पगार १७,००० रुपये आणि महिन्यातील २४ दिवसांचा, दररोज ५०० रुपये दराने, १२,००० रुपये भत्ता, अशी एकूण २९,००० रुपये कमाई झाली. आता रस्त्यावरचा खर्च पाहू. दोन वेळचे जेवण, नाश्ता व चहा यांस दररोज ३०० रुपये धरले, तर २४ दिवसांचे ७,२०० रुपये होतात. आंघोळ, कपडे धुणे, औषधपाणी यांस दररोज ५० रुपयांप्रमाणे १,२०० रुपये लागतात. गाडी जेथे सोडली तेथून घरी येण्याजाण्याचे ६०० रुपये. हे सर्व मिळून ९,००० रुपये झाले. घरी त्याच्या जेवणाचे २,००० रुपये वाचले, पण जी कामे तो करीत असे त्यांसाठी मजुरी व गाडीभाडे म्हणून १,५०० रुपये नव्याने द्यावे लागले. म्हणजे घरखर्च १४,००० रुपये. २९,००० रुपयांतून ९,००० व १४,००० रुपये वजा जाता शिल्लक उरली ६,००० रुपये.

कमाई ११,००० रुपयांनी वाढली, परंतु बचत मात्र ४,००० रुपयांनीच वाढली. जो चालक ११,००० रुपयांच्या वाढीवर भरवसा ठेवून तेवढ्या हप्त्याचे कर्ज काढतो, तो पहिल्याच वर्षी अडचणीत सापडतो. जो ४,००० रुपयांच्या वाढीवर आपली आखणी करतो, त्याची आखणी टिकते.

या हिशेबात एक गोष्ट अजून धरलेली नाही. वर्षातून एखादा महिना गाडी दुरुस्तीत, आजारपणात किंवा मालाच्या टंचाईत जातोच. त्या महिन्यात भत्ता मिळत नाही, पुष्कळ ठिकाणी पगारही मिळत नाही, पण घरखर्च चालूच राहतो. म्हणजे ६,००० रुपयांची शिल्लक बुडते आणि वर १४,००० रुपये साठ्यातून जातात. वर्षाच्या ७२,००० रुपयांतून असे २०,००० रुपये वजा केले की हाती ५२,००० रुपये उरतात. तीन वर्षांची खरी शिल्लक त्यामुळे २,१६,००० नसून १,५६,००० रुपये होते. निघण्यापूर्वी हा आकडा समोर असणे अगत्याचे आहे.

मालकाशी करावयाची बोलणी

पगार किती एवढेच विचारून कामावर जाणे पुरेसे नाही. पुढील गोष्टी आधीच स्पष्ट करून घ्याव्या व शक्य तर कागदावर लिहून घ्याव्या :

१. भत्ता दिवसावर आहे, फेरीवर आहे की किलोमीटरवर?
२. माल भरण्यासाठी वा उतरविण्यासाठी गाडी खोळंबली, किंवा परतीचा माल मिळेपर्यंत उभी राहिली, तर त्या दिवसांचा भत्ता मिळेल काय?
३. डिझेल ठरलेल्या हिशेबापेक्षा अधिक लागले तर फरक कोणी सोसावयाचा?
४. माल कमी भरला, भिजला किंवा फुटला तर तो कोणाच्या माथी?
५. पंक्चर, वजनकाटा, हमाली आणि दंड यांचा खर्च कोणाचा?
६. घरी येण्यासाठी किती दिवसांनी आणि किती दिवसांची सुटी?

यांपैकी दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. गोव्याहून दिल्लीचे अंतर सुमारे १,९०० किलोमीटर आहे. दिवसाला ३०० किलोमीटर गाडी चालते असे धरले तर जाण्यासच सहा-सात दिवस लागतात. तितकेच दिवस परतीचे. मधले खोळंब्याचे दिवस बिनभत्त्याचे असतील, तर त्या दिवसांचे जेवण चालकाच्या खिशातून जाते. वडोदरा व इंदूर ही शहरे गोव्यापासून सुमारे हजार किलोमीटरवर आहेत. तेथे मराठी बोलणारी वस्ती पिढ्यान्पिढ्या आहे. नव्या चालकाने पहिली काही महिने अशा मध्यम पल्ल्याच्या फेऱ्या कराव्या आणि रस्त्याची, भाषेची व आपल्या प्रकृतीची पारख झाल्यावर पल्ला वाढवावा, हे श्रेयस्कर होय.

फेरीवर निघताना मालक डिझेल, पथकर इत्यादींसाठी रक्कम देतो. हा वाटखर्च म्हणजे चालकाची कमाई नव्हे. वाटखर्च आणि स्वतःचा पैसा एकाच खिशात ठेवल्यामुळे फेरीअखेर हिशेब चुकतो, तूट पगारातून कापली जाते आणि मग उचल घेण्याची पाळी येते. दोन स्वतंत्र पाकिटे आणि एक छोटी वही एवढ्याने हा घोळ टळतो. वहीत खर्च त्याच दिवशी लिहावा आणि पावत्या तारखेप्रमाणे लावून ठेवाव्या.

परवाना व कागदपत्रे

मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे परिवहन वाहन चालविण्यासाठी वय किमान २० वर्षे असावे लागते. त्यासाठी शिकाऊ परवाना मिळण्यापूर्वी हलके मोटार वाहन चालविण्याचा परवाना किमान एक वर्ष जवळ असला पाहिजे. २०१९ च्या सुधारणेनंतर परिवहन वाहनाच्या परवान्याची मुदत पाच वर्षे झाली आहे. धोकादायक माल, उदाहरणार्थ पेट्रोल वा गॅस, नेण्यासाठी वेगळे प्रशिक्षण व तशी नोंद लागते आणि तिची मुदत तीन वर्षांची असते. इयत्ता आठवीची जुनी अट २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. म्हणून कमी शिकलेल्या चालकाने परवान्यासाठी मध्यस्थाच्या नादी लागण्याचे कारण उरलेले नाही.

गाडीच्या संदर्भात राष्ट्रीय परवाना, योग्यता प्रमाणपत्र, विमा व प्रदूषण प्रमाणपत्र यांच्या तारखा चालकाने स्वतः पाहाव्या. राष्ट्रीय परवान्यासाठी बहुअक्षीय गाड्या वगळता इतर मालगाडीचे वय १२ वर्षांपेक्षा अधिक चालत नाही. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर सीमेवरील करनाके उठले आणि १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालासाठी ई-वे बिल आले. हे बिल दर २०० किलोमीटरला एक दिवस या प्रमाणात चालते. गाडी वाटेत नादुरुस्त झाली तर बिलाची मुदत संपण्याच्या सुमारास मालकाला कळवून ती वाढवून घ्यावी.

ठरलेल्या वजनापेक्षा अधिक माल भरून गाडी हाकणे हा चालकाचाही गुन्हा आहे. २०१९ च्या सुधारणेनुसार त्यास २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंड आहे. वर दिलेल्या उदाहरणातील चालकाच्या तीन महिन्यांच्या बचतीपेक्षा ही रक्कम मोठी आहे. दंड मालक भरील असे तोंडी आश्वासन मिळाले, तरी जादा वजनाने ब्रेक निकामी होऊन घाटात गाडी कोसळल्यास त्याची भरपाई कोणत्याही आश्वासनाने होत नाही.

झोप, जेवण आणि प्रकृती

जादा फेरीच्या लोभाने झोप मोडणे हा बचतीचा सर्वांत महाग मार्ग होय. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमाने दिवसाचे आठ तास व आठवड्याचे ४८ तास हे कामाचे मान ठरविले होते आणि सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आवश्यक मानली होती. हा अधिनियम आता व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये सामावला आहे. दिवसाच्या आठ तासांचे मान त्या संहितेतही आहे. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंतचा काळ आणि दुपारच्या जेवणानंतरचे दोन तास या वेळी शरीर आपोआप सुस्तावते. त्या वेळी गाडी उभी करून अर्धा तास झोपणे म्हणजे वेळ वाया घालविणे नव्हे. झोप घालविण्यासाठी गोळ्या वा अमली पदार्थ घेण्याची सवय मात्र पैसा आणि परवाना दोन्ही गमावून बसते.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व जड ट्रकांची केबिन वातानुकूलित असणे बंधनकारक झाले आहे. काम निवडताना मालकाकडे गाडी कोणत्या वर्षाची आहे याची चौकशी करणे म्हणूनच योग्य ठरेल. कोकण रेल्वेची ट्रक वाहून नेणारी सेवा २६ जानेवारी १९९९ रोजी कोलाड ते वेर्णा या मार्गावर सुरू झाली व २००४ मध्ये ती सुरतकलपर्यंत वाढली. ट्रक रेल्वेच्या वाघिणीवर चढतो आणि चालक आपल्या केबिनमध्येच बसून प्रवास करतो. त्यामुळे डिझेल व टायर वाचतात आणि चालकासही विसावा मिळतो. ज्या मालकांच्या फेऱ्या या मार्गावर आहेत त्यांच्या गाड्यांवरील चालकांना हा लाभ मोठा आहे.

जेवणाच्या बाबतीत लांबच्या रस्त्यावरील अनुभवी चालकांची पद्धत अनुकरणीय आहे. तांदूळ, डाळ, पीठ, कांदे-बटाटे आणि एक छोटी शेगडी ते बरोबर ठेवतात व गाडी सुरक्षित जागी लावून एक वेळचे जेवण स्वतः रांधतात. शेगडी केबिनमध्ये कदापि पेटवू नये, हे पथ्य मात्र पाळावे. वरील उदाहरणात यामुळे दिवसाला १०० रुपये वाचले, तर महिन्याला २,४०० रुपये वाचतात आणि शिल्लक ६,००० वरून ८,४०० रुपयांवर जाते. पोटही ठीक राहते.

डोळे, रक्तदाब व मधुमेह यांची तपासणी वर्षातून एकदा करून घ्यावी. घरापासून दीर्घकाळ दूर राहणाऱ्यांस गुप्तरोग व एड्स यांचा धोका असतो. ट्रकतळांवर यासाठी शासनाच्या एड्स नियंत्रण कार्यक्रमाची सल्ला व तपासणी केंद्रे चालविली जातात. तेथे जाण्यात लाज बाळगू नये. चालकाचा आजार हा त्याच्या पत्नीचा आणि मुलांचाही प्रश्न असतो.

घराचा कारभार आणि पैशाची जागा

पती लांबच्या गाडीवर गेला म्हणजे घराचा कारभार पत्नीच्या किंवा वृद्ध आईवडिलांच्या हाती येतो. अनेक घरी असे दिसते की, पैसा येतो पण तो केव्हा येईल व किती येईल हे घरच्यांस ठाऊक नसते. मग दुकानदाराकडे उधारी वाढते आणि पाठविलेला पैसा उधारी फेडण्यातच जातो. यास्तव पगार रोख न घेता बँक खात्यात घ्यावा, खाते पतिपत्नींचे संयुक्त असावे आणि घरखर्चाची ठराविक रक्कम ठराविक तारखेस घरी मिळेल अशी व्यवस्था करावी. बचतीची रक्कम खर्चानंतर उरेल ती नव्हे, तर पगार जमा होताच बाजूला निघेल ती होय. टपाल कार्यालयाचे पाच वर्षांचे आवर्ती ठेव खाते यासाठी सोयीचे आहे.

विम्याविना लांबच्या गाडीवर जाऊ नये. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वार्षिक २० रुपयांत २ लाख रुपयांचा अपघात विमा मिळतो. प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेत वार्षिक ४३६ रुपयांत २ लाख रुपयांचा जीवनविमा मिळतो. वर्षाचे ४५६ रुपये म्हणजे रस्त्यावरच्या दीड दिवसाच्या जेवणाचा खर्च. विमा कोणत्या खात्याशी जोडला आहे आणि वारस म्हणून कोणाचे नाव दिले आहे हे घरच्यांना ठाऊक असले पाहिजे, अन्यथा तो असून नसल्यासारखाच. कामावर असताना अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकावर येते, हे १९२३ च्या कायद्यातील तत्त्व सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये कायम आहे. परंतु त्यासाठी चालक त्या मालकाकडे कामाला होता याचा पुरावा लागतो. खात्यात जमा होणारा पगार हाच त्याचा उत्तम पुरावा होय.

मुदत आणि उद्दिष्ट

बचतीसाठी घर सोडणाऱ्याने दोन गोष्टी प्रथम ठरवाव्या : किती रक्कम हवी आणि किती वर्षांत. मुदत न ठरविता गेलेला चालक रस्त्यावरच मुरतो. मुले मोठी होतात, आईवडील थकतात आणि शिल्लक मात्र ‘पुढच्या वर्षी’ पडावयाची राहते. दर सहा महिन्यांनी पतिपत्नींनी वही समोर ठेवून ठरविलेली रक्कम आणि जमलेली रक्कम ताडून पाहावी. अंतर वाढत असेल तर कारण शोधावे. ते सापडूनही दूर होत नसेल, तर स्थानिक कामावर परतण्यात कमीपणा नाही. २,००० रुपये शिल्लक टाकून रोज घरी जेवणारा चालक ६,००० रुपये मिळवून ते आजारपणात घालविणाऱ्यापेक्षा निश्चितच सुखी असतो.

स्वतःची गाडी घेण्याची आकांक्षा स्तुत्य आहे, परंतु २०१२ नंतरचा गोव्यातील अनुभव विसरता येणार नाही. खेपा थांबल्या तरी बँकेचे हप्ते थांबले नाहीत. खाणग्रस्त कर्जदारांसाठी शासनाला २०१४ मध्ये कर्जदिलासा योजना आणावी लागली. म्हणून गाडी घेण्यापूर्वी सुरुवातीच्या रकमेखेरीज किमान सहा महिन्यांचे हप्ते आणि एका वर्षाचा विमा हाताशी असावा, व गाडी एकाहून अधिक प्रकारच्या मालासाठी उपयोगी पडणारी असावी.

सारांश, लांबचा रस्ता कमाई वाढवितो, परंतु शिल्लक वाढविण्याचे काम हिशेबाची वही, पुरेशी झोप आणि घरच्यांशी असलेला मोकळा व्यवहार यांचे आहे. ग्रामपंचायती, शाळा व वाहतूक अधिकारी यांनी परवाना शिबिरांच्या वेळी या हिशेबाचीही चर्चा घडवून आणल्यास अनेक कुटुंबे निष्कारण कर्जापासून वाचतील.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावातील एका स्थानिक चालकाची महिन्याची कमाई, घरखर्च व शिल्लक मांडा. तो लांबच्या गाडीवर गेल्यास कोणते खर्च नव्याने येतील व कोणते कमी होतील?
२. खोळंब्याच्या दिवसांचा भत्ता मिळत नसेल आणि महिन्यात असे सहा दिवस असतील, तर लेखातील उदाहरणात शिल्लक किती उरेल?
३. चालक घरी नसताना घराचा आर्थिक व्यवहार सुरळीत चालावा म्हणून निघण्यापूर्वी कोणत्या पाच गोष्टी कराव्या?